वनस्पतींची सुगंधी तेले : रोगजंतूंवर किती आणि कोठे उपयोगी?

अक्कलकोट तालुक्यातील मैंदर्गी, दुधनी हा सीमेलगतचा पट्टा मुख्यतः कोरडवाहू आहे. खरिपात तूर, उडीद, सोयाबीन आणि रब्बीत ज्वारी, हरभरा ही येथील पिके. तुरीवरील मर, ज्वारीवरील काणी आणि साठवणीत दाण्याला येणारी बुरशी ही येथील नेहमीची दुखणी आहेत. त्यावर औषधांचा खर्च वाढत चालला आहे. त्यामुळे ओवा, लवंग, गवती चहा, तुळस यांच्या तेलांनी किंवा अर्कांनी हे रोग थांबतील का, असा प्रश्न शेतकरी बंधू-भगिनी वारंवार विचारतात. 'शंभर टक्के नैसर्गिक' अशी जाहिरात करून विकल्या जाणाऱ्या बाटल्यांमुळे हा प्रश्न आता खिशाशीही येऊन भिडला आहे.

थोडक्यात उत्तर असे की, या तेलांमध्ये जंतू मारण्याची शक्ती निश्चित आहे. परंतु ही तेले हवेत उडून जातात. म्हणून बंदिस्त जागेत ती चांगले काम करतात आणि उघड्या शिवारात त्यांचा प्रभाव फार काळ टिकत नाही. एवढी एक गोष्ट समजली, तर कोठे पैसे घालावेत आणि कोठे घालू नयेत, हे शेतकऱ्याला स्वतःच ठरवता येईल.

सुगंधी तेल म्हणजे काय?

करडई, शेंगदाणा, एरंडी किंवा निंबोळी यांचे तेल घाण्यावर काढतात. ही स्थिर तेले होत. ती उडून जात नाहीत. सुगंधी तेले यापेक्षा वेगळी असतात. ती वनस्पतीच्या पानांत, फुलांत, दाण्यांत किंवा सालीत अगदी सूक्ष्म कोशांमध्ये साठलेली असतात आणि वाफेच्या साहाय्याने, म्हणजे ऊर्ध्वपातनाने काढली जातात. भट्टीतील वाफ वनस्पतीतून जाताना तेल आपल्याबरोबर घेऊन येते. पुढे ती थंड झाली की पाणी आणि तेल वेगळे होते.

दोन्ही प्रकारांतील फरक घरच्या घरी ओळखता येतो. कोऱ्या कागदावर एकेक थेंब टाकून कागद सावलीत ठेवावा. शुद्ध सुगंधी तेलाचा डाग काही तासांत, जड तेल असल्यास एक-दोन दिवसांत, जवळजवळ नाहीसा होतो. स्थिर तेलाचा तेलकट डाग कायम राहतो. सुगंधी तेलात खाद्यतेलाची भेसळ असेल, तर तीही या परीक्षेत उघडी पडते. लवंगेच्या तेलाची आणखी एक खूण आहे. ते पाण्यापेक्षा जड असल्याने त्याचा थेंब पाण्यात तळाशी बसतो. गवती चहा, निलगिरी, रोशा यांची तेले पाण्यावर तरंगतात.

निंबोळी तेल आणि निंबोळी अर्क यांचे काम स्वतंत्र आहे. ते मुख्यतः किडींविरुद्ध वापरले जातात. त्यांची गणना सुगंधी तेलात करू नये.

कोणत्या वनस्पतीत काय असते?

आपल्या परिचयाच्या काही वनस्पती, त्यांतील तेलाचे साधारण प्रमाण आणि त्या तेलातील मुख्य घटक पुढीलप्रमाणे आहेत.

१) ओवा (दाणे) : तेल २ ते ४ टक्के. मुख्य घटक थायमॉल, तेलाच्या ३५ ते ६० टक्के.
२) लवंग (कळ्या) : तेल १५ ते २० टक्के. मुख्य घटक युजेनॉल, ७० ते ८५ टक्के.
३) गवती चहा (ताजे गवत) : तेल ०.२ ते ०.५ टक्के. मुख्य घटक सिट्रल, ७० ते ८० टक्के.
४) रोशा गवत (ताजे) : तेल ०.३ ते ०.५ टक्के. मुख्य घटक जिरॅनिऑल, ७५ ते ८५ टक्के.
५) निलगिरी (पाने) : तेल साधारण १ टक्का किंवा जातीनुसार कमी-अधिक. मुख्य घटक सिनिओल.

जंतुनाशक म्हणून या सर्वांची ताकद सारखी नाही. थायमॉल आणि युजेनॉल हे फिनॉल वर्गातील पदार्थ असल्याने ते सर्वांत प्रभावी ठरतात. सिट्रल आणि जिरॅनिऑल बुरशीवर चांगले काम करतात. निलगिरीतील सिनिओल या बाबतीत त्यामानाने सौम्य आहे. म्हणजे वास उग्र असला की औषधही उग्र, असे समजण्याचे कारण नाही.

आपल्याकडे ओव्याला, सीमाभागात कानडीत ज्याला ओमकाळु म्हणतात त्याला, घरोघरी मान आहे. ओव्याच्या तेलातून मिळणारे पांढरे खडे म्हणजे 'ओव्याचे फूल', हाच थायमॉल होय. ओव्याचे फूल, पुदिन्याचे फूल आणि कापूर एकत्र केले की त्यांचे आपोआप पाणी होते. तीच आपली अमृतधारा. पहिल्या महायुद्धापूर्वी भारतातून ओवा जर्मनीस जात असे आणि तेथे त्यापासून थायमॉल काढले जाई. त्या काळी आकडीकृमींवर (हूकवर्म) ते प्रमुख औषध होते. रोशा गवताचा इतिहासही महाराष्ट्राचाच आहे. एकोणिसाव्या शतकात खानदेशच्या डोंगराळ भागात या गवताच्या भट्ट्या लागत आणि तेल मुंबईमार्गे परदेशी जाई. गुलाबाच्या अत्तरात मिसळण्यासाठी त्याला मोठी मागणी होती.

जंतू कसे मरतात?

बुरशी किंवा जीवाणू यांच्या पेशीभोवती एक अतिशय पातळ पडदा असतो. तो स्निग्ध पदार्थांचा बनलेला असतो. आतले क्षार, पाणी आणि शक्ती देणारे पदार्थ तो धरून ठेवतो. सुगंधी तेलाचे कण लहान आणि स्निग्ध पदार्थांत विरघळणारे असतात. ते या पडद्यात सहज शिरतात आणि त्याची घडण सैल करतात. पखालीला भोके पडावीत तसे पेशीतील क्षार बाहेर गळू लागतात. प्रमाण कमी असेल तर जंतूंची वाढ थांबते आणि पुरेसे असेल तर जंतू मरतो.

यातून तीन गोष्टी लक्षात घ्याव्यात. पहिली गोष्ट, मात्रेला महत्त्व आहे. वाढ केवळ थांबलेली बुरशी तेल उडून गेल्यावर पुन्हा वाढू लागते. दुसरी गोष्ट, काही जीवाणूंना या पडद्याबाहेर आणखी एक आवरण असते. डाळिंबावरील तेल्या रोगाचा जीवाणू याच गटातील आहे. अशा जीवाणूंवर बहुतेक सुगंधी तेलांचा परिणाम त्यामानाने कमी होतो. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. हे तेल शत्रू आणि मित्र यांत भेद करीत नाही. मर रोगाच्या बुरशीचा पडदा ते फोडते, तसाच ट्रायकोडर्माचा आणि रायझोबियमचाही फोडते. एवढेच नव्हे, तर मात्रा जास्त झाल्यास बियाण्याचा कोंब आणि पिकाचे पान यांनाही इजा होते.

प्रयोगशाळेत यश, शेतात अपयश का?

काचेच्या झाकणबंद बशीत ओव्याच्या किंवा लवंगेच्या तेलाने बुरशी थांबल्याचे अनेक प्रयोगांत दिसून आले आहे. परंतु बशी बंद असते. तेलाची वाफ आतच कोंडून राहते आणि जंतूला सतत लागते. शेतात पुढील अडचणी येतात.

१) उडून जाणे : सोलापूर जिल्ह्यात उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या पुढे जातो. अशा उन्हात आणि वाऱ्यात पानावरील सुगंधी तेल काही तासांतच नाहीसे होते. रोगाचे बीजाणू मात्र दिवसेंदिवस येत राहतात.

२) पाण्यात न मिसळणे : तेल नुसते पाण्यात ओतून फवारल्यास एका पानावर तेलाचा थेंब आणि दहा पानांवर नुसते पाणी पडते. जेथे थेंब पडतो तेथे पान करपते. त्यासाठी तेल व पाणी एकजीव करणारा पायसकारक पदार्थ योग्य प्रमाणात लागतो.

३) मातीत शक्ती कमी होणे : मातीतील सेंद्रिय पदार्थ तेल शोषून घेतात आणि मातीतील जीवाणू ते कुजवून टाकतात. म्हणून जमिनीत राहणाऱ्या रोगावर आळवणी करून भरवसा ठेवता येत नाही.

४) एकसारखेपणा नसणे : वाण, जमीन, कापणीची वेळ आणि साठवण यांनुसार तेलातील मुख्य घटक बदलतो. एका बाटलीचा अनुभव दुसऱ्या बाटलीला लागू पडेलच असे नाही.

उकळलेला काढा का चालत नाही?

अनेक शेतकरी गवती चहा किंवा तुळस उघड्या पातेल्यात उकळून तो काढा फवारतात. याचा हिशेब करून पाहू. एक किलो ताज्या गवती चहात सरासरी ३ ते ४ ग्रॅम तेल असते. ते सर्वच्या सर्व १० लिटर पाण्यात उतरले, असे धरले तरी प्रमाण फक्त ०.०३ ते ०.०४ टक्के होते. प्रत्यक्षात उकळताना येणारा घमघमाट म्हणजेच निघून जाणारे तेल होय. घरभर वास सुटला याचा अर्थ औषध हवेत गेले आणि पातेल्यात रंगीत पाणी राहिले. अशा काढ्यात वनस्पतीचे इतर विद्राव्य घटक असतात, परंतु त्याला सुगंधी तेलाचे गुण चिकटवू नयेत.

याउलट भट्टीतून काढलेल्या तेलाचा हिशेब पाहावा. एकरी २०० लिटर पाण्यात ०.०५ टक्के प्रमाण ठेवायचे तर १०० मिलिलिटर तेल लागेल. एवढे तेल सुमारे २.५ ते ५ किलो ओव्यातून मिळते. गवती चहापासून काढायचे तर साधारण ३० किलो ताजे गवत लागेल. म्हणजे तेल मिळणे अशक्य नाही. अडचण आहे ती ते पानावर टिकवण्याची. (हा केवळ हिशेब समजण्यासाठी दिला आहे. ही फवारणीची शिफारस नाही.)

टिकवण्याचे प्रयत्न

जगभर सध्याचे संशोधन याच अडचणीवर चालू आहे. युरोपीय संघाने २०१३ मध्ये युजेनॉल, जिरॅनिऑल आणि थायमॉल या तीन घटकांना पीक संरक्षणासाठी मान्यता दिली. या तिन्हींचे एक मिश्रण तेथे द्राक्षावरील करड्या बुरशीसाठी वापरले जाते. त्यात हे घटक यीस्टच्या रिकाम्या पेशींत भरलेले असतात. पानावर ओल आली की ते हळूहळू बाहेर पडतात. त्यामुळे तेल लगेच उडत नाही आणि पानही करपत नाही.

आपल्या देशात उदयपूर येथील महाराणा प्रताप कृषी व तंत्रज्ञान विद्यापीठातील शास्त्रज्ञांनी थायमॉलचे अतिसूक्ष्म कणांचे पायस तयार केले. सोयाबीनवरील जीवाणूजन्य पुरळ रोगावर बीजप्रक्रिया आणि फवारणी अशा दोन्ही प्रकारे ते वापरल्यास रोग कमी होतो, असे त्यांच्या २०१८ च्या शोधनिबंधात नमूद आहे. या कामाचे महत्त्व मोठे आहे. परंतु तेथे यश आले ते विशिष्ट पद्धतीने बनवलेल्या पायसाला. काष्ठौषधीच्या दुकानातून आणलेले ओव्याचे फूल पाण्यात घोळवून तोच परिणाम मिळेल, असे समजू नये.

मधमाशीपालनातही थायमॉलचा वापर परदेशात रूढ आहे. पेटीतील कोळी कीड (व्हरोआ) त्याच्या वाफेने आटोक्यात ठेवतात. येथेही पेटी बंदिस्त असते, हे ध्यानात घ्यावे.

आपल्या भागात काय करावे?

तूर : मर रोगाची बुरशी जमिनीत अनेक वर्षे जिवंत राहते. तिच्यावर सुगंधी तेलाची आळवणी उपयोगी नाही. बीडीएन ७११, बीएसएमआर ७३६, विपुला यांसारखे मर रोगास प्रतिकारक वाण, पिकांची फेरपालट आणि तुरीत ज्वारीचे आंतरपीक हेच खरे उपाय आहेत. बियाण्यास ट्रायकोडर्मा आणि त्यानंतर रायझोबियम व स्फुरद विरघळवणारे जीवाणू यांची प्रक्रिया करावी. अशा बियाण्यास ओवा किंवा लवंगेचे तेल मुळीच चोळू नये. रोग मरण्याऐवजी विकत आणलेले जीवाणू खतच मरून जाईल.

रब्बी ज्वारी : दाणे काणीसाठी ३०० मेश गंधकाची ४ ग्रॅम प्रति किलो बियाण्यास चोळण्याची शिफारस अनेक वर्षांच्या अनुभवावर उतरलेली आहे आणि खर्चही अत्यल्प आहे. ती सोडून सुगंधी तेलाकडे वळण्याचे कारण नाही.

धान्य साठवण : येथे सुगंधी तेलाला खरा वाव आहे, कारण कोठी बंद करता येते. तरीही बुरशीवरचा पहिला इलाज ऊन हाच आहे. कडधान्य ९ ते १० टक्के आणि ज्वारी १२ टक्क्यांपेक्षा कमी ओलाव्यापर्यंत वाळवावी. दाणा दाताखाली कट्ट आवाज करून फुटला पाहिजे. ओल्या धान्यावर कितीही सुगंधी तेल वापरले तरी ते तात्पुरतेच ठरेल. खाण्याच्या धान्याला या तेलांचा वास व चव लागते. बाजारात असा माल नाकारला जाण्याची शक्यता असते. म्हणून विक्रीच्या मालावर ती वापरू नयेत. बुरशी लागलेले शेंगदाणे किंवा मका यांत अफलाटॉक्सिन हे विष असू शकते. तेलाने बुरशी मेली तरी आधी तयार झालेले विष जात नाही. असा माल माणसाला किंवा जनावराला घालू नये.

कांदा चाळ : चाळीत हवा खेळती ठेवावी लागते. हवा खेळली की वाफ टिकत नाही. म्हणून काळ्या बुरशीसाठी चाळीत सुगंधी तेल शिंपडणे म्हणजे पैसे वाऱ्यावर सोडणे होय. चांगली सुकवणी, मान बारीक करून कापणी आणि निवड यांवरच भर द्यावा.

डाळिंब : सांगोला, पंढरपूर, मंगळवेढा भागातील बागायतदारांना तेल्याने मोठा फटका दिला आहे. या रोगावर वर्षानुवर्षे स्ट्रेप्टोमायसिनयुक्त प्रतिजैविके फवारली गेली. माणसांच्या औषधांना जंतू दाद देईनासे होण्याचा धोका ओळखून केंद्र सरकारने डिसेंबर २०२१ मध्ये स्ट्रेप्टोमायसिन व टेट्रासायक्लिन यांचा शेतीतील वापर बंद करण्याचा मसुदा आदेश काढला. त्यामुळे वनस्पतिजन्य पर्यायांची गरज खरी आहे. परंतु पर्याय सिद्ध होईपर्यंत बागेची स्वच्छता, रोगट फांद्या व फळे गोळा करून जाळणे, प्रत्येक झाडानंतर छाटणीची कात्री निर्जंतुक करणे, बागेस विश्रांती देणे आणि बोर्डो मिश्रण यांना फाटा देऊ नये. सोलापूर येथील राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्राच्या शिफारशी त्या त्या हंगामात पाहून घ्याव्यात.

घरी करून पाहण्यासारखा प्रयोग

वाचून पटण्यापेक्षा पाहून पटलेले अधिक टिकते. यासाठी खर्च फारसा नाही.

१) सारख्या आकाराच्या तीन काचेच्या बरण्या स्वच्छ धुऊन वाळवाव्यात. प्रत्येकीत ताज्या भाकरीचा सारखा तुकडा ठेवून त्यावर चमचाभर पाणी शिंपडावे.
२) पहिल्या बरणीत काहीही न घालता झाकण घट्ट लावावे.
३) दुसऱ्या बरणीत अर्धा चमचा ओव्याचे फूल फडक्याच्या पुरचुंडीत बांधून, भाकरीला न लागेल असे ठेवावे आणि झाकण घट्ट लावावे.
४) तिसऱ्या बरणीत तशीच पुरचुंडी ठेवावी, पण झाकणाऐवजी तोंडावर पातळ ओले फडके बांधावे आणि ते रोज ओले करावे.
५) तिन्ही बरण्या सावलीत शेजारी शेजारी ठेवून आठवडाभर रोज पाहाव्यात आणि बुरशी कोणत्या दिवशी दिसली ते लिहून ठेवावे.

पहिल्या बरणीत बुरशी लवकर येते. दुसऱ्या बरणीत ती फार उशिरा येते किंवा येत नाही. तिसऱ्या बरणीत औषध तेच आणि तेवढेच असूनही त्याचा जोर दुसरीइतका राहत नाही. दुसरी बरणी म्हणजे कोठी आणि तिसरी म्हणजे शिवार, असे समजावे. प्रयोगातील भाकरी नंतर पुरून टाकावी. ती कोंबड्यांना किंवा जनावरांना घालू नये.

घरचे बियाणे बंद डब्यात ठेवून त्यात ओव्याचे फूल वापरायचे असेल, तर आधी थोड्या बियाण्यावर उगवण चाचणी अवश्य करावी. प्रक्रिया केलेले १०० दाणे आणि न केलेले १०० दाणे वेगवेगळ्या ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवावेत व सात-आठ दिवसांनी कोंब मोजावेत. प्रक्रिया केलेल्या दाण्यांची उगवण कमी आढळल्यास ती पद्धत सोडून द्यावी. पेरणी हंगामात एकदाच होते. उगवण बिघडली तर दुबार पेरणीचा खर्च आणि वाया गेलेली ओल कोणतेही तेल भरून देत नाही.

खरेदी व हाताळणी करताना

१) रोग किंवा कीड नियंत्रणाचा दावा करून विकल्या जाणाऱ्या मालाला १९६८ च्या कीटकनाशक कायद्यानुसार नोंदणी लागते. बाटलीवर नोंदणी क्रमांक, घटकांची टक्केवारी, पीक, रोग आणि मात्रा छापलेली आहे का, ते पाहावे. 'सर्व पिके, सर्व रोग' असे लिहिलेली बाटली परत करावी. पक्की पावती घ्यावी.
२) नवीन औषध प्रथम चार-पाच झाडांवर किंवा एका सरीवर, सायंकाळी फवारून तीन दिवस वाट पाहावी. शेजारी न फवारलेली सरी तुलनेसाठी ठेवावी.
३) नैसर्गिक म्हणजे निर्धोक नव्हे. ओव्याचे फूल आणि लवंगेचे तेल कातडीला व डोळ्याला भाजते. हातमोजे व चष्मा वापरावा. मुलांच्या हाती लागू देऊ नये. ही तेले पेट घेतात, म्हणून चुलीपासून व विडी-काडीपासून दूर ठेवावीत.
४) तेल गडद रंगाच्या काचेच्या बाटलीत, पूर्ण भरून, थंड जागी ठेवावे. अर्धवट भरलेल्या बाटलीतील तेल हवेने लवकर खराब होते.

सारांश, सुगंधी तेले हे वनस्पतीने स्वतःच्या रक्षणासाठी तयार केलेले अस्सल जंतुनाशक आहे. त्याची जागा आज तरी बंद डबा, बंद कोठी आणि शास्त्रीय पद्धतीने बनवलेली नोंदणीकृत औषधे ही आहे. शिफारस केलेली बीजप्रक्रिया, प्रतिकारक वाण आणि स्वच्छता यांच्या जोडीला ती येऊ शकतील, त्यांच्या जागी नव्हे. ज्यांना या विषयात अधिक प्रयोग करावयाचे असतील, त्यांनी आपल्या जवळच्या कृषी विज्ञान केंद्राशी किंवा सोलापूर येथील कोरडवाहू शेती संशोधन केंद्राशी संपर्क साधावा आणि एका सरीपासून सुरुवात करावी.